रानपिंगळा शोधायचाय? आधी गावातला पिंगळा पाठ करा

आपल्या खान्देशातल्या बऱ्याच लोकांना अजून माहीतच नाही की 1884 नंतर ज्या पक्ष्याचा खात्रीचा पत्ताच नव्हता, संपला असंच सगळे धरून चालले होते, तो रानपिंगळा, म्हणजे फॉरेस्ट आउलेट, नोव्हेंबर 1997 मध्ये परत सापडला तो आपल्या शहाद्याजवळ, सातपुड्याच्या जंगलात. अमेरिकेहून पामेला रासमुसेन आणि बेन किंग वगैरे मंडळी शोधत आली होती. हा पक्षी फक्त मध्य भारतात आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि आपण एसटीने जाऊ शकतो इतक्या जवळ आहे, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी आपल्या शेतातला, चिंचेवर-वडावर बसणारा साधा पिंगळा नीट बघून घ्या, अगदी पाठ होईपर्यंत. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात आणि भुवया ठळक पांढऱ्या. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, ठिपके असले तरी अगदी पुसट. मग छाती बघा, वरच्या बाजूला गडद तपकिरी पट्टा आणि खाली पोट स्वच्छ पांढरं, नराला हे जास्त उठून दिसतं. पंख आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पाय बोटांपर्यंत पांढऱ्या पिसांनी भरलेले. अंगाने ठेंगणा आणि दणकट, डोकं नि चोच मोठी वाटते. जंगलात अजून एक छोटं घुबड भेटतं, जंगल आउलेट, त्याच्या तर डोक्यापासून पोटापर्यंत सगळीकडे बारीक आडव्या रेघा असतात, ते लगेच वेगळं काढता येतं. खरी गल्लत साध्या पिंगळ्याशीच होते.

आता कुठे जायचं तर तोरणमाळकडचं जंगल, आणि जळगाव जिल्ह्यात यावल अभयारण्य, पालच्या बाजूला. दाट झाडीत घुसायची गरज नाही, विरळ सागाचं जंगल बघा, जिथे मधे मधे मोकळी जागा आणि जुनी ढोलीची झाडं आहेत, घरटं ढोलीतच करतो तो. थंडीत जा म्हणजे ऊनही कमी लागतं, विणीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असतो त्यामुळे आवाजही कानावर पडतो, आणि जानेवारीनंतर सागाची पानं झडली की फांद्या उघड्या पडतात, बघणं एकदम सोपं होतं.

आणि हो, रात्री टॉर्च घेऊन फिरू नका! हे घुबड दिवसा शिकार करतं, सरडे, पाली, उंदीर, मोठे किडे. सकाळी उन्हं आली की वाळक्या फांदीच्या टोकाला उघड्यावर बसून खाली बघत असतं, म्हणून जमिनीकडे नाही तर झाडांच्या शेंड्यांकडे आणि वाळक्या फांद्यांकडे दुर्बीण फिरवत हळूहळू चाला, थांबा, परत चाला. शेपटी डावी-उजवीकडे झटझट हलवताना दिसला तर तिथेच उभे राहा आणि डोकं तपासा. मला तर ही शेपटीची खूण फार आवडते, लांबूनही कळते.

अभयारण्यात शिरायच्या आधी वनखात्याची परवानगी घ्या आणि शक्यतो तिथल्याच पावरा किंवा भिल्ल भावाला सोबत न्या, त्यांना ढोल्या, पाणवठे, वाटा सगळं ठाऊक असतं, त्यांची रोजी ठरवून आधीच द्या.

मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलवू नका. तो हद्द राखायला धावत येतो, शिकार सोडून देतो, पिल्लं असली तर आणखीच वाईट. ढोली सापडली तर लांबून बघा आणि फोटो टाकताना जागा लिहू नका, तालुकासुद्धा नको, कारण जादूटोण्यासाठी घुबडं पकडणारे लोक आजही आहेत. कोणी पकडताना किंवा विकताना दिसलं तर लगेच 1926 वर फोन करा, वनखात्याची हेल्पलाइन आहे.