फोर बाय फोरला चेन घ्यायची की मड टायर?

आपल्याकडं बेळगावजवळ खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागात पावसाळ्यात फोर बाय फोर, म्हणजे चारी चाकांना इंजिनची ताकद मिळणारी गाडी नेणार असाल तर सरळ मड टायर घ्या, चेनच्या, म्हणजे टायरवर गुंडाळायच्या साखळीच्या, नादाला लागू नका. तांबडी माती साध्या टायरच्या खाचेत भरली की टायर गुळगुळीत होतो आणि गाडी जागेवरच फिरत बसते, मड टायरचे ठोकळे मोठे आणि एकमेकांपासून लांब लांब असतात त्यामुळं चाक फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. चिखलात हवा थोडी कमी करा, पण डांबरीवर आल्यावर आठवणीनं परत भरा. चोर्ला घाटात ओल्या डांबरीवर मात्र जपून हं, तिथं मड टायरची पकड कमीच.

हिवाळ्यात मनाली-लडाखकडं जाणार असाल तर गोष्ट वेगळी. मड टायरचं रबर थंडीत कडक होतं, बर्फावर घसरतं, तिथं चेनच पाहिजे. टायरवर लिहिलेल्या साइजचीच घ्या, शक्यतो चारी चाकांना, एकच जोडी असेल तर कुठल्या चाकांना लावायची ते गाडीच्या मॅन्युअलात बघा. स्पीड 40 च्या आत, बर्फ संपला की लगेच काढा. आणि घरच्या अंगणात दोनदा लावून बघा की, बोटं गारठल्यावर शिकणं लई अवघड.