पनामा क्रूझवर एम्बेरा गावाची टूर निवडताना

क्रूझच्या यादीत आदिवासी गावाच्या टूर दोन-तीन असतात आणि सगळ्या सारख्याच वाटतात, म्हणून मी आधी एकच बघते, होडी आहे का. चाग्रेस नदीकाठच्या एम्बेरा या आदिवासी जमातीच्या गावांत लाकडी होडीने जातात, नुसती बसच असेल तर बहुधा बंदराजवळचा नाचगाण्याचा शो निघतो.

१. एकूण तासांतून बस-होडीचा वेळ वजा करा, गावात दीड-दोन तास तरी उरले पाहिजेत
२. जेवण गावातलंच आहे ना बघा, तळलेला मासा आणि कच्च्या केळ्याचे पाताकोनेस, म्हणजे चपटे करून तळलेले काप (भारी लागतात!)
३. सुटे डॉलर न्या, तिथे तेच चालतात, टोपली विणणारीकडूनच घ्या

टूर क्रूझ कंपनीऐवजी बाहेरून स्वस्तात बुक केलीत तर परतीला भरपूर वेळ ठेवा, उशीर झाला तर जहाज थांबत नाही.