गजकर्ण आणि नखांच्या बुरशीवर गोळ्या घेताय? या चुका टाळा

जून लागला की गोव्यात कपडे वाळत नाहीत, बूट ओलेच राहतात आणि जांघेत, कमरेला गजकर्ण डोकं वर काढतं. डॉक्टर गोळ्या देतात. आठवडाभरात खाज थांबते आणि नेमकी तिथेच पहिली चूक होते: गोळी बंद! खाज गेली म्हणजे बुरशी गेली असं नव्हे. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ येईस्तोवर चट्टे पुन्हा हजर.

टर्बिनाफिन, इट्राकोनॅझोल ही औषधं बुरशीच्या पेशीच्या आवरणाला लागणारं अर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत. रक्तातून ती त्वचेत आणि नखात उतरतात. पण आधीच खराब झालेलं नख दुरुस्त होत नाही, ते वाढून पुढे सरकावं लागतं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. म्हणून टर्बिनाफिनचा कोर्स साधारण 12 आठवड्यांत संपला तरी अंगठा पूर्ण साफ दिसायला वर्ष-दीड वर्ष जातं. टोकाकडचा पिवळा, जाड भाग पाहून निराश होऊ नका. मुळाशी पाहा. तिथे गुलाबी, गुळगुळीत पट्टी दिसू लागली की औषध लागू पडतंय.

इट्राकोनॅझोलची कॅप्सूल उपाशीपोटी घेऊ नका, भात-हुमण जेवून उठलात की लगेच घ्या. तिला पोटातलं आम्ल लागतं, त्यामुळे रोज पॅन्टोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्यांच्या अंगात ती नीट उतरत नाही. डॉक्टरांना हे सांगायलाच हवं. कोलेस्टेरॉलच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हृदयाचा किंवा यकृताचा आजार, गरोदरपण, नेमाने दारू घेणं, यातलं काहीही लपवू नका. लघवी गडद झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती फार्मसीतून स्वतःच आणलेली ट्यूब. त्यात बहुतेकदा क्लोबेटासॉलसारखं स्टिरॉइड असतं. खाज दोन दिवसांत शमते, बुरशी मात्र पसरत जाते आणि चट्ट्याची ओळखच बदलते. मग तपासणाऱ्यालाही निदान अवघड जातं. कृपा करून ती लावू नका.

घरात आणखी कोणाला चट्टे असतील तर त्यांचेही उपचार सोबतच करा, टॉवेल वेगळे ठेवा.

आणि जाड झालेलं प्रत्येक नख बुरशीचंच नसतं, सोरायसिस या त्वचारोगानेही तसं होतं. महिनोन्‌महिने गोळ्या घेण्याआधी नखाचा तुकडा तपासून घ्या. तीन-चार आठवड्यांत गजकर्णाला काहीच उतार नसेल तर डोस स्वतः वाढवू नका. टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी आता भारतात आढळते, तेव्हा औषधच बदलावं लागतं.