बीपी असताना इंटरव्हल चालणं: या चुका टाळा

तीन मिनिटं झपाझप, तीन मिनिटं सावकाश, असे पाच फेरे. आठवड्यातून किमान चार दिवस. जपानच्या शिन्शू विद्यापीठात ही पद्धत साठीच्या आसपासच्या लोकांवर तपासली गेली आणि 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मध्यम वेगाने सलग चालणाऱ्यांपेक्षा या गटाचं वरचं बीपी जास्त उतरलं होतं. पद्धत सोपी आहे, पण बीपीच्या रुग्णांचं गणित बहुतेक वेळा चुकतं ते सावकाश तीन मिनिटांत आणि शेवटच्या पाच मिनिटांत.

सावकाश म्हणजे खरोखर सावकाश. वेळ वाया जातो म्हणून बरेच जण हा भाग उरकतात किंवा तोही भरभर चालतात. मग नाडी खाली यायला वेळच मिळत नाही, तिसऱ्या फेरीतच धाप लागते आणि उरलेले फेरे रेटले जातात. उलट फोन आला म्हणून जागच्या जागी थांबणंही नको. पाय चालते ठेवा.

झपाझप म्हणजे पळणं नव्हे. एखादं छोटं वाक्य बोलता यावं, पण गप्पा मारता येऊ नयेत, एवढाच वेग. सावकाश चालताना गप्पा सहज जमायला हव्यात. ही बोलण्याची कसोटी नाडी दाखवणाऱ्या घड्याळापेक्षा भरवशाची, कारण मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या नाडी मुळातच दाबून ठेवतात. ‘220 वजा वय’ या सूत्राने साठीच्या माणसाची कमाल नाडी 160 निघते. गोळी चालू असेल तर नाडी सहसा तिथवर जात नाही. तो आकडा गाठायच्या नादात माणूस नको इतका ताण घेतो.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक: शेवटचा जोरदार फेरा संपला की धपकन बाकावर बसणं. चालताना पायांच्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात आणि पोटऱ्या आकसून रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की हा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचतं, बीपी घसरतं आणि डोळ्यांसमोर अंधारी येते. प्राझोसिन किंवा अ‍ॅम्लोडिपिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी जास्त जपावं. सुरुवातीला आणि शेवटी पाच ते दहा मिनिटं हळूहळू चालायचंच. घरी येऊन लगेच कढत पाण्याने आंघोळ केली तरी हाच त्रास होतो. चक्कर आलीच तर आडवं व्हा आणि पाय उशीवर घ्या.

चढावर दात-ओठ खाऊन श्वास रोखू नका. त्या क्षणी बीपी उसळतं.

लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर उन्हाळ्यात सकाळी लवकर निघा. अर्ध्या तासाच्या चालण्याला साधं पाणी पुरतं. चालून आल्यावर मीठ घातलेलं लिंबू सरबत पिणं म्हणजे कमावलेलं घालवणं. मात्र हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर डॉक्टरांनी दिलेलं प्रमाणच पाळा.

आल्या आल्या बीपी मोजून घाबरू नका, खूशही होऊ नका. निदान अर्धा तास जाऊ द्या, मग पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवा आणि मोजा. व्यायामानंतर काही तास बीपी थोडं कमी राहतं. तो आकडा पाहून स्वतःच गोळी बंद करू नका. रोज एकाच वेळी मोजलेल्या आकड्यांची वही डॉक्टरांना दाखवा, डोस तेच ठरवतील.

विश्रांतीत बीपी 180/110 किंवा त्याहून जास्त असेल तर त्या दिवशी व्यायाम नको, डॉक्टरांशी बोला. मधुमेह किंवा हृदयविकार असेल तर सुरू करण्याआधीच तपासणी करून घ्या. स्ट्रेस टेस्ट, म्हणजे व्यायाम करताना हृदयाची तपासणी, लागेल का ते डॉक्टर सांगतील. छातीत दुखणं किंवा दडपण, नेहमीपेक्षा वेगळी धाप, धडधड, यांपैकी काहीही झालं की फेरा तिथेच सोडा. चालणं थांबवल्यावरही छातीतलं दडपण राहिलं तर घरी न जाता थेट दवाखाना गाठा.

पाच फेरे झेपत नसतील तर एक मिनिट झपाझप, तीन मिनिटं सावकाश असं सुरू करा आणि दोन आठवड्यांनी झपाझप भाग अर्ध्या मिनिटाने वाढवा.