चिपी ते नांदेड: विमानाचा वेळ कागदावर कसा काढायचा

शेजारच्या काकींचा मुलगा नांदेडला नोकरीला लागला, तशा त्या मोबाईल घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. "गुरुजीनू, नांदेडाक विमानान किती वेळ लागतलो?" मोबाईलने त्यांना पाऊण तास सांगितलं होतं. थेट विमान असो वा नसो, दोन विमानतळ टाकले की असल्या साइट आकडा देऊन मोकळ्या होतात. तीस वर्षं भूगोल शिकवलाय मी. म्हटलं, बसा, हिशेबच करू.

आधी दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश हवेत. मोबाईलच्या नकाशात धावपट्टीवर बोट दाबून धरलं की ते दिसतात. चिपी, म्हणजे आपला सिंधुदुर्गचा विमानतळ, 16.00 उत्तर, 73.53 पूर्व. नांदेड 19.18 उत्तर, 77.32 पूर्व.

अक्षांशांचा फरक 3.18. एका अंशाला 60 सागरी मैल, म्हणजे 111 किलोमीटर. गुणाकार केला की उत्तरेकडे साधारण 353 किलोमीटर.

रेखांशांचा फरक 3.79. इथे मात्र सरळ 111 ने गुणलंत की फसलात. रेखावृत्तं सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारखी ध्रुवाकडे जवळ येत जातात, म्हणून मधल्या अक्षांशाची कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos बटण) घ्यायची. आपला मधला अक्षांश 17.6, त्याची कोसाइन 0.953. तिने 111 ला गुणलं की अंशामागे 106 किलोमीटर उरतात आणि पूर्वेकडचं अंतर भरतं 401. (कॅल्क्युलेटर 'डिग्री'वर आहे ना, ते बघा. माझा एकदा रेडियनवर राहिला होता आणि पूर्वेकडचं अंतर निम्म्याहूनही कमी झालं.)

आता काटकोन त्रिकोण. 353 चा वर्ग, 401 चा वर्ग, बेरीज, वर्गमूळ: सुमारे 534 किलोमीटर. पाचसातशे किलोमीटरपर्यंत ही रीत बिनधास्त वापरा. मुंबई-न्यूयॉर्कला चालणार नाही, तिथे पृथ्वीचा गोलावा हिशेबात धरावाच लागतो.

अंतर सोपं असतं, लोक चुकतात ते वेळेत. साइटवाले बहुधा ताशी 800 चं जेट धरतात, म्हणून पाऊण तास. लहान विमानतळांवर बऱ्याचदा पंख्यांचं एटीआर 72 येतं, त्याचा वेग ताशी 500 च्या आसपास. 534 भागिले 500, म्हणजे 64 मिनिटं. शिवाय धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, वर चढताना कमी असलेला वेग, उतरण्याआधीचं वळण, याची वीसेक मिनिटं मी डोळे झाकून मिळवतो. झाला जवळजवळ दीड तास. समोरून ताशी 40 चा वारा असेल तर हवेतलीच 64 ची 70 मिनिटं होतात, पाठीशी असेल तर 59. म्हणून जायचा नि यायचा वेळ सारखा नसतो.

एवढं करून थेट विमान शोधलं, तर मला सापडलं नाही. मग मुंबईमार्गे मोजलं: चिपी-मुंबई 350, मुंबई-नांदेड 467. म्हणजे 534 च्या जागी 817 किलोमीटर, दोनदा चढणं, दोनदा उतरणं आणि मधे मुंबईत कितीही तास बसणं. ते तास कुठल्याच सूत्रात बसत नाहीत, वेळापत्रक उघडूनच बघावे लागतात.

काकींनी कागद दोनदा वाचला, घडी घालून कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "मगे यष्टीच बरी."