जागा घेताना-विकताना घाई नडते, या चुका टाळा

दसरा जवळ आला की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, येळ्ळूर रोडला एक प्लॉट आलाय, मालक अडचणीत आहे, निम्म्यात देतोय, आजच विसार नाही दिला तर जाणार." अरे बाबा, निम्म्यात कोण देतंय? मी गेली पंधरा-सोळा वर्षं बेळगावच्या आसपास गुंठा-दोन गुंठे करत जागा घेतोय, विकतोय. भाव चुकून बुडालेला माणूस मला अजून भेटायचाय, घाईत बुडालेले मात्र गल्लोगल्ली आहेत आणि त्यात एकदा मीपण होतो.

पहिली चूक, विकणारा अडचणीत म्हणजे आपली चांदी, असं समजणं. पितृपंधरवड्यात एकजण आला. आई आयसीयूत, पैसे उद्याच पाहिजेत, गावठाणातली 4 गुंठे जागा. चालू भाव साडेतीन लाख गुंठा, हा दोन ऐंशीला तयार. पितृपंधरवड्यात कोण जागा घेत नाही, त्यामुळं दुसरं गिऱ्हाईकही नव्हतं. मी मनात हिशेब केला, सरळ दोन लाख ऐंशी हजार वाचतात. सब रजिस्ट्रार ऑफिसच्या समोर चहा पीत बाँडवर संचकार, म्हणजे विसाराचा करार, लिहिला, रोख दोन लाख मोजले, झालं. वडील वारलेले, उताऱ्यावर ह्याचं एकट्याचं नाव, मी तेवढंच बघितलं.

त्याला दोन बहिणी होत्या. एक अनगोळात, तिनं सही दिली. दुसरी चंदगडला दिलेली. कुंद्याचा डबा घेऊन मी स्वतः गेलो तर बाई दारातच म्हणाली, "आई आजारी होती ते मला चार दिवसांनी कळवलं, खरं जागा विकायला बरं माझी आठवण झाली! माझ्या सहीबिगर काय होतंय बघू की." आणि ती बरोबर होती हो. जागा वडिलोपार्जित, आणि 2005 पासून मुलीचा हक्क मुलाएवढाच, वडील कधी वारले त्याचा त्यात संबंध नाही हे सुप्रीम कोर्टानं 2020 ला परत स्पष्ट केलंय. चौदा महिने चकरा. शेवटी तिचा हिस्सा तिच्या नावच्या चेकनं दिला, तोही तिनं मागितलेल्या भावानं. वकील, गाडीचं पेट्रोल आणि अडकलेले दोन लाख धरले तर त्या स्वस्ताईतलं काहीच उरलं नाही. वर रोख दिलेलं वेगळंच. जागेच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याच्यावर रोख घेतली की पैसे घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, म्हणजे त्या अडलेल्या माणसाला मीच अजून खड्ड्यात ढकलत होतो.

तेव्हापासून माझी सवय अशी की भाव बोलायच्या आधी त्याच्या घरी जायचं, चहा घ्यायचा आणि बहिणी किती, कुठं दिल्यात ते विचारायचं. मग नाडकचेरीतली, म्हणजे गावाजवळच्या महसूल ऑफिसातली, वंशावळ मागायची. तो म्हणाला "तेवढा टाईम नाही" तर आपणही उठायचं. खरंच दवाखान्याची अडचण असेल तर पंचवीस-तीस हजार खात्यावर टाकतो, पावती घेतो, बाकी सगळे पैसे खरेदीपत्राच्या दिवशी. सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज असेल तर तेवढ्याचा डीडी सरळ तिकडं. आणि माणूस अडलाय म्हणून त्याला दाबू नका, दाबून घेतलेल्या सौद्यात पुढं भाऊ येतो, चुलता येतो, कोर्टाची नोटीसपण येते.

कन्नड कागद न वाचता सही. आपल्यातले निम्मे इथंच मार खातात. उतारा कन्नडमध्ये, खरेदीपत्र कन्नडमध्ये, आणि एजंट म्हणतो "सगळं क्लिअर आहे, सही मार". शेतीच्या उताऱ्यावर अकरा नंबरचा कॉलम असतो, त्यात बोजा, कोर्टाची स्टे, सगळं येतं. माझ्या ओळखीच्या एका पोरानं नऊ नंबरला मालकाचं नाव बघितलं, तेवढंच त्याला वाचता येत होतं, आणि अकराला सोसायटीचं कर्ज होतं. कन्नड वाचणारा शेजारी शोधा, त्याला जेवायला घाला, एक-एक ओळ वाचून घ्या. वाचणारा एजंटच्या ओळखीचा नसावा. लाज कसली त्यात?

बाकीच्या पटापट सांगतो. ई.सी., म्हणजे जागेवरचे व्यवहार आणि बोजा दाखवणारा रजिस्ट्रारचा दाखला, 30 वर्षांची काढा, 13 ची नको. शेतातला तुकडा घ्यायचा असेल तर इलेवन-ई स्केच, म्हणजे त्या तुकड्याचा सरकारी मोजणी नकाशा, आधी, विसार नंतर. पंचायत हद्दीतल्या प्लॉटला नऊ-अकरा उतारा, म्हणजे पंचायतीचे नमुना 9 आणि 11, नसेल आणि "पुढं होईल" म्हणत असतील तर पुढं झाल्यावर या म्हणायचं. नुसत्या जीपीएवर, म्हणजे मुखत्यारपत्रावर, जागा आपली होत नाही, सुप्रीम कोर्टानं 2011 सालीच सांगितलंय, तरी दर महिन्याला कुणीतरी मला जीपीए दाखवायला येतंयच. संचकारात खरेदीची तारीख घाला, कारण कोर्टात जायची वेळ आली तर त्या तारखेपासून 3 वर्षंच मिळतात.

आपलीच घाई दाखवणं. बायकोला घेऊन प्लॉट बघायला गेला आणि ती तिथंच म्हणाली "देवघर ह्या कोपऱ्यात करूया" की गुंठ्याला दहा हजार चढले समजा. एजंटला दिवसातनं तीनदा फोन करणारं गिऱ्हाईक मी लांबनं ओळखतो. विकणाऱ्यांचंही तेच, हप्ते थकले की एकच प्लॉट पाच एजंटांना देतात. पाच जण पाच भाव सांगतात, सगळ्या वडगाव-शहापुरात कळतं की हा बुडालाय, आणि मग जो येतो तो पाडूनच मागतो. एकाच एजंटला द्या, कमीत कमी किती ते त्यालाही सांगू नका, आणि हप्ता थकायच्या आधी बँकेत जाऊन बोला, तिथं वेळ वाढवून मागता येतो.

काल परत फोन आला, सोमवारच्या आत दोन लाख द्यायचेत म्हणे. मी विचारलं, मालकाला बहिणी किती? म्हणाला, "ते विचारलं नाही अजून."