रेल्वेवरील पर्यावरणीय नियमांचा खर्च मोजताना या चुका टाळा

वणी, घुग्घुस, माजरी या पट्ट्यातील कोळशाच्या सायडिंगवर (मालगाड्या भरण्यासाठीच्या बाजूच्या रुळांवर) पाण्याचे फवारे किंवा ताडपत्री सक्तीची केली की, नियमांमुळे वाहतूक महागल्याची ओरड होते. ती खरीही असू शकते; परंतु चुकीच्या हिशेबाने आकडा फुगतो आणि त्याच्या आड गावकऱ्यांची धुळीची तक्रार दडपली जाते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे नियमानंतरचा सगळा खर्च नियमाच्या खाती टाकणे. तुलना मागच्या वर्षाशी नव्हे, तर नियम नसता तर किती खर्च झाला असता, याच्याशी करावी. अकोला–खांडवा मीटरगेजच्या (अरुंद रुळांच्या मार्गाच्या) रुंदीकरणात मेळघाट व्याघ्र प्रकल्प टाळून हिवरखेड, सोनाळा, जामोदच्या बाजूने काढलेला मार्ग लांब पडतो. पण म्हणून त्याचा संपूर्ण खर्च वाघांच्या नावे मांडणे चूक आहे, कारण जुन्या मार्गाचे रुंदीकरणही फुकट झाले नसते. दोहोंतील फरक तेवढा धरावा, आणि नव्या मार्गावरील गावांतून मिळू शकणारे प्रवासी व मालाचे उत्पन्न त्यातून वजा करावे. ज्या महिन्यांत भूसंपादन किंवा निधीही अडलेला असतो, त्या महिन्यांचा विलंब एकट्या वनमंजुरीच्या माथी मारू नये.

भांडवली खर्च एकाच वर्षात दाखवणे ही दुसरी चूक. समजा, 20 लाखांची फवारा यंत्रणा 10 वर्षे चालते आणि सायडिंगवरून वर्षाला 400 रेक (पूर्ण मालगाड्या) निघतात; तर व्याज सोडून रेकमागे 500 रुपये, म्हणजे 4,000 टनांच्या रेकला टनामागे साडेबारा पैसे पडतात. वीज, पाणी व मजुरी वेगळी दाखवावी.

ताडपत्रीच्या हिशेबात तर जमेची बाजू हमखास गळते. उघड्या वॅगनमधून उडालेला कोळसा हे मालाचेच नुकसान असते. तो रुळांखालच्या गिट्टीत साचला की पाण्याचा निचरा अडतो आणि गिट्टी साफ करावी लागते. लगतच्या शेतात फुटलेल्या कपाशीच्या बोंडांवर हीच काळी पूड बसते, आणि कापसाची प्रत खालावल्याचा तो तोटा रेल्वेच्या कोणत्याही वहीत येत नाही.

लागू नसलेल्या नियमाचा खर्चही धरू नये. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांची जी यादी आहे, तीत रेल्वेमार्ग नाहीत. वनजमिनीसाठी मात्र 1980 च्या वनसंवर्धन कायद्याखाली (2023 च्या दुरुस्तीनंतरचे नाव वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम) मंजुरी लागते. तसेच सायडिंग खाजगी असेल, तर तेथील फवाऱ्यांचा खर्च मालकाच्या खाती लिहावा, रेल्वेच्या नव्हे.